भीतीची मेरिट लिस्ट

दरवर्षी गॅदरिंग जवळ आलं की आमच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो : 'हॉरर नाइटला काय लावायचं? नावं लिहा.' पहिल्या दिवशी पाच नावं, दुसऱ्या दिवशी पस्तीस, आणि तिसऱ्या दिवशी त्या कागदावर जे काही वाचायला मिळतं ते कुठल्याही हॉरर पिक्चरपेक्षा भयंकर असतं! 'कॉन्ज्युरिंग'समोर कुणीतरी 'झोप येते' असं लिहिलेलं. 'तुंबाड'वर तीन वेगवेगळ्या पेनांनी मारलेले स्टार. एकीने गेमचं नाव लिहिलंय, तर दुसरीने त्याखाली विचारलंय की चाळीस जणी मिळून एक गेम खेळणार कशा? आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, कुणीतरी न चुकता लिहितंच : 'एम-थ्रीचा पेपर'.

वाद एकच. सगळ्यात भारी हॉरर कोणतं? पिक्चर, गेम, पुस्तक की पॉडकास्ट? माझं मत मी त्या कागदावर एका ओळीत लिहून बघितलं, मावलं नाही. संपादक मंडळाने इथे जागा दिली आहे तर सविस्तर मांडते. ज्यांना पटणार नाही त्यांनी मेसमध्ये भेटावं. रविवार सोडून. रविवारी फीस्ट असते आणि मी वाद घालत नाही.

आधी थोडी साफसफाई. दचकणं म्हणजे घाबरणं नव्हे. हे वाक्य मी आमच्या विंगमध्ये इतक्यांदा म्हटलंय की आता मी तोंड उघडलं की मैत्रिणीच ते पूर्ण करतात. १९४२ साली 'कॅट पीपल' नावाचा एक अमेरिकन सिनेमा आला. त्यात एक बाई रात्री एकटी रस्त्याने चाललीय. मागे दुसऱ्या कुणाच्या तरी टाचांचा आवाज. मग तो आवाज अचानक थांबतो. ती वळून बघते, कुणीच नाही. आपण श्वास रोखून बसलेलो... आणि एकदम फिस्स करून पडद्यावर शिरते एक बस! साधी प्रवासी बस. निर्मात्याच्या नावावरून सिनेमावाल्यांनी या युक्तीला 'ल्यूटन बस' असं नावच देऊन टाकलं. तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे ऐंशीहून जास्त वर्षं, शेकडो दिग्दर्शकांनी तीच बस आपल्या अंगावर घातली आहे. कधी मांजर म्हणून, कधी आरशातला चेहरा म्हणून, कधी खांद्यावर पडलेला नवऱ्याचा हात म्हणून. पण मोठ्या आवाजाला शरीर दचकतं हे आपलं वायरिंग आहे हो. त्यात कलाकाराची कर्तबगारी ती काय? घरी आईच्या कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. म्हणून कुकरला कुणी हॉररचं बक्षीस देत नाही.

तेव्हा दचकण्याचे मार्क वजा. मग उरतं काय? माझी कसोटी अशी आहे : समोरच्याने मला किती दाखवलं हे नाही, तर माझ्यासाठी किती जागा रिकामी सोडली हे बघायचं. कारण त्या रिकाम्या जागेत जे येऊन बसतं ते त्याचं नसतं. ते माझं असतं, माझ्याच घरून आलेलं.

आता या कसोटीवर एकेकाला बोलावू.

पिक्चरचं मोठं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं, १९७५ चा 'जॉज'. स्पीलबर्गने यांत्रिक शार्क बनवून घेतला होता, तो खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. (प्रोजेक्ट डेमोच्या दिवशी मॉडेल बंद पडणं म्हणजे काय ते आपल्याला कुणी सांगायला नको.) शेवटी बिचाऱ्याने शार्क न दाखवताच शूटिंग रेटलं. पाणी, पिवळी पिंपं आणि संगीत. पहिला तासभर तरी शार्क नीट दिसत नाही आणि तोच तास सगळ्यात भीतीचा. १९९९ च्या 'ब्लेअर विच'मध्ये तर ती चेटकीण शेवटपर्यंत दिसतच नाही. जंगलात हरवलेली तीन पोरं, हातातले हलणारे कॅमेरे, आणि तंबूबाहेर काहीतरी. संपलं.

पण पिक्चरची अडचण अशी आहे की प्रेक्षकाने तिकीट काढलेलं असतं. त्याला कधी ना कधी भूत दाखवावं लागतं. आणि दाखवलं की मोजमाप सुरू होतं. उंची किती, दात किती, मेकअप बरा झालाय का. माझी रूममेट कोल्हापूरची. 'लपाछपी' (२०१७) बघायला बसलो तेव्हा उसाचं शेत आलं तसं मी उशी घट्ट धरली, आणि ही म्हणते, "उसाला काय भ्यायचं? पाला कापतोय तेवढंच." अर्धा पिक्चर ती मला उसाच्या जाती सांगत होती. पण शेवटाकडे तिची बडबड बंद झाली. कारण त्या सिनेमात भीती भुताची राहतच नाही. पोटातल्या मुलीचं काय करायचं हे थंड डोक्याने ठरवणाऱ्या जिवंत माणसांची होते. त्या रात्री तिने आईला फोन केला. काय बोलली मी विचारलं नाही. 'लपाछपी'ला माझ्या यादीत पिक्चरांमध्ये पहिला नंबर आहे. 'तुंबाड'च्या भक्तांनी चिडू नये, त्यांच्याकडे मी येतेय.

आता गेम. इथे जरा रेंगाळते, कारण आपण इंजिनिअरिंगची माणसं आहोत आणि भीती 'बांधतात' कशी हे गेममध्ये जितकं उघड दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

१९९९ चा 'सायलेंट हिल'. पहिल्या प्लेस्टेशनची ताकद ती काय! लांबवरच्या इमारती एकदम पडद्यावर काढायला मशीनला झेपत नव्हतं. मग करायचं काय? त्या लोकांनी अख्ख्या गावात धुकं सोडलं! जेमतेम काही पावलांपुढचं दिसत नाही, म्हणजे मशीनला काढावंही लागत नाही. हार्डवेअरचा कमकुवतपणा झाकायला आणलेलं धुकं, आणि तेच त्या गेमची ओळख ठरलं. त्यात आणखी एक गंमत : खेळणाऱ्याकडे एक छोटा रेडिओ असतो. राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो. म्हणजे कुठे ते कळत नाही, पण आहे एवढं नक्की कळतं. सिग्नल आहे, डेटा नाही. शिवाय आपला हीरो कुणी कमांडो नाही, हरवलेल्या मुलीला शोधणारा साधा बाप. त्याचा नेम चुकतो, तो धापा टाकतो. मला विचाराल तर 'कन्स्ट्रेंट'मधून डिझाइन कसं उभं राहतं हे शिकवायला सरांनी हेच उदाहरण घ्यावं. अर्धा वर्ग तरी जागा राहील.

२०१४ चा 'एलियन : आयसोलेशन' त्याहून हुशार. त्यातल्या एलियनला एक नाही, दोन डोकी आहेत, म्हणजे प्रोग्रॅममध्ये. वरच्या डोक्याला खेळणारा कुठे आहे हे कायम माहीत असतं. पण ते खालच्या डोक्याला, म्हणजे खुद्द एलियनला, नेमका पत्ता सांगत नाही. अधूनमधून फक्त 'त्या बाजूला बघ' एवढंच सुचवतं. मग एलियन स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनी शोधतो. थोडक्यात, वर रेक्टर मॅडम आणि खाली राउंडवर निघालेले वॉचमन काका. दहानंतर गच्चीवर गेलेल्या कुणालाही ही सिस्टिम समजावून सांगावी लागणार नाही.

आणि 'ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट' (२०१०). हातात शस्त्र नाही. अंधारात लपावं तर डोकं फिरायला लागतं, उजेडात यावं तर दिसतो. आणि राक्षसाकडे बघत राहिलं तरीही डोकं फिरतं. त्यात पाण्याने भरलेलं एक तळघर आहे. तिथला प्राणी अदृश्य आहे. दिसतं काय? फक्त पाण्यात उठणारे शिंतोडे... चुबुक... चुबुक... आपल्या दिशेने येणारे. आपण खोक्यावर चढून बसायचं आणि पुढच्या खोक्यावर उडी कधी मारायची ते ठरवायचं. मुलांच्या हॉस्टेलमधला माझा एक वर्गमित्र, सहा फुटी, कबड्डीच्या टीममध्ये असलेला, त्या तळघराशी गेम बंद करून चहा प्यायला निघून गेला तो परत आलाच नाही.

पिक्चरमध्ये डोळे मिटले तरी पिक्चर पुढे जातो. गेममध्ये तुम्ही पाऊल टाकल्याशिवाय काहीच पुढे जात नाही. त्या दारापर्यंत स्वतःच्या बोटाने चालत जायचं, हे काम दुसरं कुणी करून देत नाही. इथे गेमला पैकीच्या पैकी. मग पहिला नंबर का नाही? कारण गेममध्ये मरता येतं आणि पुन्हा सुरू करता येतं. पहिल्यांदा मेलं की किंचाळतो. दुसऱ्यांदा मेलं की शिव्या देतो. तिसऱ्यांदा आपण पावलं मोजायला लागतो, राक्षस डावीकडून किती सेकंदांनी येतो हे वहीत लिहायला लागतो. भीती संपते आणि सबमिशन सुरू होतं.

राहिले पॉडकास्ट आणि पुस्तक. पॉडकास्टवाल्यांचे पूर्वज जुने आहेत. ३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्सने अमेरिकेत रेडिओवर मंगळावरच्या लोकांच्या हल्ल्याचं नाटक सादर केलं, चालू कार्यक्रम थांबवून दिलेल्या बातम्यांच्या थाटात. देशभर पळापळ झाली असं आपण ऐकत आलोय. ती पळापळ वर्तमानपत्रांनी बरीच फुगवली होती असं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे, पण नाटक खरंच भारी आहे. कारण बातमीदार मध्येच गप्प होतो. रेडिओवरची शांतता! पडद्यावर काळोख केला तरी निदान काळोख दिसतो. रेडिओवर आवाज थांबला की काहीच उरत नाही. अलीकडचं म्हणाल तर ब्रिटनचं 'द मॅग्नस आर्काइव्ह्ज', २०१६ ते २०२१, दोनशे भाग. विचित्र अनुभव आलेल्या लोकांचे जबाब एक चिडका अर्काइव्हिस्ट वाचून दाखवतो. त्यातले खरे जबाब कॉम्प्युटरवर रेकॉर्डच होत नाहीत, म्हणून जुना टेपरेकॉर्डर वापरतो. सुरुवातीचे कितीतरी भाग आपल्याला वाटतं ही सुटी सुटी प्रकरणं आहेत...

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. एवढं एक पॉडकास्टच्या बाजूने बास आहे. पण आम्ही पॉडकास्ट ऐकतो कसे? बादलीत कपडे भिजवताना, जर्नल उतरवताना, बसमध्ये. अर्धा कान तिकडे, अर्धा लक्ष मेसच्या घंटेकडे. त्याला बिचारा पॉडकास्ट काय करणार.

आवाजावरून आठवलं, एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विक टँडी नावाचा एक इंग्लिश इंजिनिअर होता. तो काम करायचा त्या लॅबमध्ये लोकांना उगीचच अस्वस्थ वाटायचं, थंडी वाजायची. एका रात्री त्याला डोळ्याच्या कोपऱ्यात करड्या रंगाची आकृती दिसली, वळून बघितलं तर गायब. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी व्हाइसमध्ये अडकवलं, तर ते पातं आपोआप थरथरायला लागलं! आपल्यासारखा असता तर रामरक्षा म्हणत पळाला असता. हा पठ्ठ्या मापं घ्यायला बसला. निघालं काय, तर नवीन बसवलेला एक्झॉस्ट फॅन. तो साधारण १९ हर्ट्झचा आवाज करत होता. आपल्याला ऐकू येतं २० हर्ट्झच्या पुढे, म्हणजे कानाला काही नाही आणि अंगाला मात्र जाणवतंय. फॅनची बैठक बदलली, भूत गेलं. १९९८ साली त्याने यावर पेपर लिहिला. त्याचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलेलं नाही, पण गणित सोपं आहे : ३४० भागिले १९, म्हणजे तरंगलांबी १८ मीटरच्या आसपास, आणि तिची अर्धी लांबी नऊ मीटर, एवढ्या खोलीत ती लहर मस्त उभी राहते. आमची रीडिंग रूम मी पावलांनी मोजली. किती भरली ते सांगत नाही, परीक्षा जवळ आल्या आहेत.

असो. पुस्तकाकडे वळते.

नारायण धारप (१९२५-२००८) हे नाव मी हॉस्टेलला येईपर्यंत ऐकलेलं नव्हतं. आमच्या शाळेत मराठी म्हणजे मार्कांपुरता विषय. घरी मराठी बोलायचो भरपूर, वाचायचं मात्र कामच पडलं नाही. आजही मी मराठी वाचते ते जोडाक्षरांवर ठेचकाळत. लायब्ररीत रेक्झिनच्या बाइंडिंगमधले, पानं तपकिरी पडलेले धारप आहेत. रूममेटने एक वीस मिनिटांत संपवलं, मला तीच कथा दीड तास पुरली. "अजून त्याच पानावर हाईस व्हय?" असं तिने दोनदा विचारलं. पण मला वाटतं, त्या दीड तासात मला जे मिळालं ते तिला नाही मिळालं! दारामागे काय आहे ते कळायच्या आत माझं एक जोडाक्षर मध्ये यायचं. 'त्या अंधाऱ्या को... कोप... कोपऱ्यात'... आणि कोपरा येईपर्यंत मी तिथे काय काय ठेवून झालेलं असायचं. चांगलं नेटवर्क असलेल्यांना बफरिंगची भीती कळायची नाही.

धारपांच्या 'आजी' या कथेचा प्रवास तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मूळ बीज स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत. अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि तिच्याजवळ घरात एकटा राहिलेला नातू. धारपांनी ती मराठीत आणली, ती मराठी घरातलीच आजी झाली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती लहानपणी मित्राच्या तोंडून ऐकली, तीही जंगलात रात्री. आणि तिच्यातूनच पुढे कित्येक वर्षांनी 'तुंबाड' (२०१८) उभा राहिला. गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं, पाऊस कोकणातला, भाषा हिंदी. पहिल्या वेळी थिएटरात फारसा न चाललेला हा पिक्चर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. म्हणजे बघा, अमेरिकेतली एक म्हातारी चार वळणं घेऊन आमच्या नोटीस बोर्डावर तीन स्टार मिळवून बसली!

'तुंबाड'वाल्यांनो, आता तुमचं. मला पिक्चर आवडतो. खाली विहिरीत कणकेची बाहुली घेऊन उतरायचं, भुकेल्याला खाणं टाकायचं आणि तेवढ्यात हात मारून घ्यायचा, हे डोक्यातून जात नाही. पण हस्तर एकदा लालभडक समोर आला की मी त्याला बघू लागते, घाबरणं थांबतं. खरी भीती पहिल्या भागातल्या त्या साखळीने बांधलेल्या म्हातारीची. आणि ती कुठून आली? सांगितलेल्या गोष्टीतून. एका मुलाने दुसऱ्याला सांगितली, आणि त्या दुसऱ्याला ती आयुष्यभर पुरली.

इथे माझा पहिला नंबर येतो. पिक्चर नाही, गेम नाही, नुसतं पुस्तकही नाही. तोंडाने सांगितलेली किंवा वाचून दाखवलेली गोष्ट. समोर बसलेल्या माणसाला. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) आपल्या गूढकथा स्वतः लोकांसमोर बसून सांगायचे. दिवे, मेकअप, धुकं काही नाही. सांगणारा आणि ऐकणारे. पुस्तकाची रिकामी जागा, रेडिओची शांतता, दोन्ही त्यात आहेत. आणि एक गोष्ट जास्त, जी बाकी कुणाकडेच नाही : सांगणाऱ्याला समोरचा दिसतो. कुणी पाय पोटाशी घेतले, कुणी हसतंय पण डोळे हसत नाहीत, हे त्याला दिसतं. पिक्चरला प्रेक्षक दिसत नाही, धारपांना मी दिसत नव्हते. 'एलियन'च्या त्या वरच्या डोक्यासारखं, खेळणारा नक्की कुठे आहे हे फक्त सांगणाऱ्याला माहीत असतं.

आणि म्हणूनच मला आपल्याकडच्या एका गोष्टीबद्दल बोलायचंय. दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली बंद खोली.

प्रत्येक हॉस्टेलला एक बंद खोली असते आणि प्रत्येक बंद खोलीत एक मुलगी. आपल्या खोलीतल्या मुलीला नाव नाही, ब्रँच नाही, गाव नाही. तिच्या केट्या राहिल्या, वायडी लागला आणि ती 'गेली'. कशी गेली ते सांगणारीप्रमाणे बदलतं, साल पण बदलतं. मात्र शेवट कधीच बदलत नाही. रिझल्टच्या आठवड्यात रात्री दोन वाजता ती एकेक दार वाजवत जाते आणि बाहेरून विचारते, "रिझल्ट लागला का गं?" उत्तर द्यायचं नाही. दार उघडायचं नाही. उघडलं तर पुढचा नंबर तुमचा. दरवर्षी हॉरर नाइटला, पिक्चर संपल्यावर, लाइट बंद करून फर्स्ट इयरच्या मुलींना ही गोष्ट सांगायची आपली परंपरा आहे.

कारागिरी म्हणून बघितलं तर ही गोष्ट पहिल्या दर्जाची आहे, हे मी आधीच मान्य करते. धुकं आहे, रेडिओची खरखर आहे, दारापलीकडे काय ते दिसत नाही. आणि मुलीच्या जागी तर काहीच नाही, नुसतं रिकामं. ती जागा कुणी भरायची? ऐकणारीने. गेल्या वर्षी हॉरर नाइटनंतर दोन दिवसांनी फर्स्ट इयरची एक मुलगी माझ्याकडे जर्नल मागायला आली. घेऊन निघाली, दारात थांबली आणि म्हणाली, "ताई, त्या मुलीला किती केट्या होत्या?"

मी म्हणाले, "अगं, गोष्ट आहे ती."

"हो, माहितीये. पण किती?"

तिच्या स्वतःच्या तीन राहिल्या होत्या.

मी तिला घेऊन रेक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी कपाटातून किल्ली काढली आणि खोली उघडून दाखवली. आत अकरा लोखंडी कॉट, एक मोडकं टेबल टेनिसचं टेबल, आणि भिंतीवर छतापासून खालपर्यंत ओल. स्लॅब गळतो म्हणून खोली बंद आहे. असं काही इथे घडल्याचं त्यांच्या काळात तरी त्यांना ठाऊक नाही. पोरीने खोली बघितली, हसली, "थँक यू मॅडम" म्हणाली. पण तिला खोलीत कोण आहे हा प्रश्न पडलेलाच नव्हता. भूत असतं का हेही तिने विचारलं नव्हतं. तिला आकडा हवा होता. आपल्या तीन त्या आकड्याच्या अलीकडे आहेत की पलीकडे, एवढंच.

सिनिअर ताया म्हणतात, थोडी मजा केली तर काय बिघडलं, आम्ही पण घाबरलो होतो, आज हसतो. रॅगिंग थोडंच आहे? रॅगिंग नाहीच. मला गोष्ट बंद करायची नाही. नोटीस काढून गोष्टी बंद होत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की सांगणारीला समोरची दिसते. पिक्चरवाल्याला हे सुख नाही, त्याच्या अंधारात कोण बसलंय त्याला काय ठाऊक? तुम्हाला ठाऊक असतं. कुणाचा रिझल्ट काय लागला हे विंगमध्ये दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. तीन केट्यावाली कुठल्या चटईवर बसलीय हे माहीत असताना 'रिझल्ट लागला का गं' हे वाक्य तिच्या कानाशी आवाज बारीक करून म्हणायचं, यात हॉरर कमी आणि नेम जास्त आहे.

आणि एक विचारू? त्या गोष्टीत दार कुणीच का उघडत नाही? रात्री दोनला एक मुलगी रिझल्ट विचारत दारोदार फिरतेय, आणि अख्ख्या मजल्याला शिकवलंय काय, तर कडी लावून गप्प पडून राहा. मला त्या मुलीची कधी भीती वाटली नाही. आतल्या चाळीस जणींची वाटते.

तर या वर्षीच्या कागदावर माझी यादी अशी समजावी. पिक्चर 'लपाछपी', गेम 'सायलेंट हिल' (जुनाच), पॉडकास्ट 'मॅग्नस', आणि सगळ्यांच्या वर धारपांची 'आजी', पण मोठ्याने वाचून. प्रोजेक्टरवाल्या दादांना सुट्टी द्या, गेल्या वर्षी तीनदा बल्ब गेला होता. वाचायला मी तयार आहे. अडखळेन, रूममेट हसेल, पण अडखळण्याचा फायदा काय तो वर लिहिलाच आहे. बंद खोलीची गोष्ट ज्यांना सांगायचीच आहे त्यांनी सांगावी, फक्त रिझल्टचा आठवडा सोडून, आणि त्या मुलीला आधी एक नाव, एक ब्रँच, एक गाव द्यावं. आणि एखादी रूममेट.

लाइट बंद ठेवायचे की चालू, यावर कमिटीत अजून भांडण चालू आहे. माझं मत ट्यूबलाइट चालू ठेवा असं आहे. 'आजी' ट्यूबलाइटमध्येही पुरते, आणि मला जोडाक्षरं दिसायला हवीत.